एव्हर्टन वाचणार का? रविवारी रात्री ९ च्या आधी एकदा बोलून घेऊ (एव्हर्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या मराठी चाहत्यांची फोरमवरची चर्चा, मे २०२३)

गुडिसनचा पुणेकर

सोमवारी न्यूकॅसल-लेस्टर मॅच ०-० सुटली आणि हिशेब स्पष्ट झाला. प्रीमियर लीगच्या ३८ पैकी ३७ मॅच संपल्या. आपण १७ वे, ३३ गुण, गोल फरक (मारलेले वजा खाल्लेले) उणे २४. लेस्टर ३१ गुण, उणे १८. लीड्स ३१, उणे २७. तळाचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात, त्यातलं साउथॅम्प्टन आधीच गेलंय. उरलेल्या तिघांतला एकच राहणार. रविवारी, २८ मे ला, आपल्या गुडिसन मैदानावर आपल्यासमोर बोर्नमथ. लेस्टर घरी वेस्ट हॅमशी खेळणार, लीड्स घरी टॉटनहॅमशी. तिन्ही मॅच आपल्याकडे रात्री ९ ला एकदम सुरू.

जिंकलो तर कोणाकडे बघायची गरज नाही. ड्रॉ झाली तर लेस्टर जिंकता कामा नये, आणि लीड्स तीन गोलांनी जिंकता कामा नये. हरलो आणि त्या दोघांपैकी एकजण जरी जिंकला, तर १९५४ पासून वरच्या डिव्हिजनमध्ये असलेला क्लब खाली गेला.

माझं मत: वाचतो आपण. प्रशिक्षक लॅम्पार्डला काढलं तेव्हा २० मॅचमध्ये १५ गुण होते. त्याच्या जागी आलेल्या डाइशने १७ मॅचमध्ये १८ मिळवलेत. ही काही डोळे दिपवणारी कमाई नाही, पण हा संघ आता शेवटच्या शिट्टीपर्यंत मॅच सोडत नाही. वुल्व्ह्जची मॅच आठवा. ०-१ मागे, ९० मिनिटं होऊन गेलेली, माझी बायको म्हणाली, "बंद कर आता, झोप." ९९ व्या मिनिटाला कीनने बॉल गोलसमोर टाकला आणि मिनाने अगदी जवळून आत ढकलला. तो एक गुण मिळाला म्हणून आज आपलं नशीब आपल्या हातात आहे. नाहीतर आज ३२ गुणांवर असतो. मी २००५ पासून, प्रशिक्षक मोयेसच्या संघाने चौथा नंबर काढला तेव्हापासून एव्हर्टनच्या मागे आहे. एवढा जीव टांगणीला फार कमी वेळा लागलाय, पण आशाही तितकीच आहे.

आकडे बोलतात

दादा, तुमची तळमळ समजते, पण मला आपण खाली जाताना दिसतोय. ३७ मॅचमध्ये ३३ गोल. त्यातले ५ एकट्या ब्रायटनविरुद्ध. म्हणजे उरलेल्या ३६ मॅचमध्ये २८. "जिंकलो तर वाचलो" हे ठीक, पण जिंकायला गोल लागतो आणि तो मारणार कोण? रिशार्लिसन गेल्या उन्हाळ्यात विकला. गॉर्डन जानेवारीत विकला, त्याच्या जागी कोणीही आणला नाही. स्ट्रायकर मॉपेचा लीगमध्ये अख्ख्या सीझनमध्ये एक गोल. कॅल्व्हर्ट-लुइन वुल्व्ह्जविरुद्ध मांडी धरून बाहेर गेला.

मागेही तीच गत. कोलमनला लेस्टरच्या मॅचमध्ये स्ट्रेचरवरून नेलं, मिकोलेंको जायबंदी, पॅटरसनही परवा बाहेर गेला. एकही धड फुल बॅक (कडेचा बचावपटू) उरलेला नाही. आणि ज्या बोर्नमथला आपण सोपं समजतोय, त्यांनीच नोव्हेंबरमध्ये एका आठवड्यात दोनदा धुतलंय: लीग कपमध्ये ४-१, लीगमध्ये ३-०.

गुडिसनचा पुणेकर

तो नोव्हेंबर लॅम्पार्डचा होता. आज बोर्नमथ सुरक्षित आहे, त्यांना मिळवायचं काही नाही, शेवटच्या तिन्ही मॅच हरलेत. आणि गोल मारणारा आहे की. आपला मिडफिल्डर दुकुरे. लॅम्पार्डच्या काळात बाकावर बसलेला हाच माणूस ब्रायटनला दोन मारून आला.

रंकाळ्याचा गोली

मी कोल्हापूरचा, स्वतः गोलकीपर, म्हणून माझी नजर आपल्या गोली पिकफर्डवर. १ मे ची लेस्टरची मॅच आठवा भावांनो. आपण १-२ मागं, हाफ टाइम तोंडावर, त्यांना पेनल्टी. त्यांचा मॅडिसन बॉल ठेवतोय. १-३ झालं असतं तर संपलंच होतं. पिकफर्डनं पाण्याच्या बाटलीवर त्याच्या सवयी लिहून चिकटवलेल्या. मॅडिसन मधे मारतो म्हणून हा जागचा हललाच नाही. पेनल्टीला गोलीला उभं राहवत नाही हो, पाय आपोआप एका बाजूला जातात. न हलणं हे सगळ्यात अवघड. बॉल सरळ याच्या हातात. मग दुसऱ्या हाफमधी इवोबीनं बरोबरी केली, २-२.

आता हिशेब करा. ती मॅच हरलो असतो तर आज लेस्टर ३३ आणि आपण ३२. म्हणजे आज आपण वर आहोत ते त्या एका न हललेल्या पायांमुळं. असा गोली मागं असताना मी तरी खाली जायची भाषा करणार नाही.

चौथा नंबर

मी वेगळंच बोलतो, राग मानू नका. जाऊ दे खाली. मनापासून म्हणतोय, कारण दरवर्षी हे बघवत नाही. मागच्या मे मध्येही आपण इथेच होतो. २०१६ ला मालक मोशिरी आले तेव्हापासून कूमन, अॅलर्डाइस, सिल्वा, अँचेलॉटी, बेनिटेझ, लॅम्पार्ड, डाइश. सात वर्षांत सात प्रशिक्षक, प्रत्येकाने आपल्या पसंतीचे खेळाडू आणले, आता त्याची बिलं भरतोय. खर्चाच्या नियमांवरून लीगने मार्चमध्ये आपल्याला चौकशी आयोगापुढे उभं केलंय. जानेवारीपासून संचालक स्वतःच्या मैदानावर यायला धजावत नाहीत. १७ वा नंबर मिळाला की हेच लोक म्हणणार, बघा, सगळं ठीक आहे.

न्यूकॅसल २००९ ला गेलं, २०१६ ला पुन्हा गेलं. दोन्ही वेळा पुढच्याच वर्षी खालची लीग जिंकून परत आलं. आणि सोमवारच्या त्याच ०-० ने त्यांचं चॅम्पियन्स लीगमधलं स्थान पक्कं झालं. आपणही १९३० ला गेलो होतो. १९३१ ला परत आलो आणि १९३२ ला डिक्सी डीनच्या संघाने थेट लीग जिंकली. जखम उघडी करून धुतल्याशिवाय भरत नाही.

वॉल्टनमधली मराठी

मी गुडिसनपासून चालत पंधरा मिनिटांवर राहते, नोकरीनिमित्त चार वर्षं झाली. "जाऊ दे खाली" हे इथे कोणासमोर बोलून बघा. न्यूकॅसलचं उदाहरण सगळे देतात. संडरलंडचं कोणी देत नाही. २०१७ ला गेले, पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी खाली, आणि मग चार वर्षं तिसऱ्या लीगमध्ये. लीड्स २००४ ला गेलं ते परत यायला सोळा वर्षं लागली. धुऊन निघायला गेले आणि वाहून गेले. त्यात आपलं नवीन स्टेडियम ब्रॅमली-मूर डॉकवर अर्धवट उभं आहे. उत्पन्न आटलं तर ते कोणाच्या पैशाने पूर्ण होणार? आणि खाली गेलं की मालक नाही भोगत. तिकीट खिडकीवरची, स्वयंपाकघरातली, साफसफाईची माणसं आधी कमी होतात. त्यातल्या दोघी माझ्या गल्लीत राहतात.

मागच्या वर्षी १९ मे ला क्रिस्टल पॅलेसच्या मॅचचं तिकीट मला मिळालं नव्हतं. तरी गुडिसन रोडवर जाऊन उभी राहिले. संघाची बस यायच्या आधीच निळ्या धुराने रस्ता भरला होता, समोरचं चर्च दिसेना. शेजारी सत्तरीचे एक आजोबा, हातात नातवाचा हात. बस गेली, लोक आत गेले, आम्ही बाहेरच. हाफ टाइमला ०-२ कळलं तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत, नुसते नातवाच्या जॅकेटची चेन वर-खाली करत राहिले. मग एक गोल, दुसरा, आणि ८५ व्या मिनिटाला जो आवाज आतून आला तो मला पायांत जाणवला, कानाला नंतर. ३-२. रविवारी पुन्हा त्याच कोपऱ्यावर उभी असेन.

चौथा नंबर

ताई, गल्लीतल्या दोघींचं मी मोजलं नव्हतं. तेवढं मागे घेतो. संचालकांबद्दलचं मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.

रंकाळ्याचा गोली

आमच्याकडं तालीम हरली म्हणून कोण पेठ बदलत नाही. पण खेळायचं कसं ते बोलूया. माझं म्हणणं, पहिली ६० मिनिटं दार बंद. ०-० राहिलं तरी आपण वर आहोत.

आकडे बोलतात

इथे माझा पूर्ण विरोध. ०-० वर आपण तेव्हाच वर आहोत, जेव्हा लेस्टर जिंकत नसेल. आणि वेस्ट हॅमचं सगळं लक्ष ७ जूनच्या प्रागमधल्या युरोपियन फायनलवर आहे. ते लेस्टरसाठी पाय मोडून घेणार नाहीत. लेस्टर जिंकणार असं धरूनच उतरायला हवं. म्हणजे ड्रॉ हा आधार नाहीच, गोल हवा. लेस्टरचा गोल झाल्याची बातमी स्टँडमध्ये पोचली की मैदानावरच्या पायांना कंप सुटतो. त्याआधी आपला गोल व्हायला हवा.

गुडिसनचा पुणेकर

हे पटलं. आणि तो गोल कुठून येईल तेही सांगतो. डाइशच्या पहिल्याच मॅचमध्ये पहिल्या नंबरवरच्या आर्सेनलला हरवलं ते कसं? मॅकनीलचा कॉर्नर, टारकोस्कीचं डोकं, १-० आणि तीन गुण. स्ट्रायकर नसला तरी टारकोस्की, मिना, ओनाना, दुकुरे अशी उंच माणसं आहेत. कॉर्नर मिळवा, लांब थ्रो टाका, पेनल्टी बॉक्समध्ये बॉल सुटा पडला की दुकुरे पोचतोच. मागे तीन सेंटर बॅक (मधले बचावपटू) खेळवा, डावीकडे मॅकनील, उजवीकडे गार्नर. फुल बॅक नाहीत हा प्रश्नच मिटला.

आकडे बोलतात

गार्नर उजवीकडे, हे चालेल. तरीही माझा अंदाज १-१ आणि लेस्टरचा विजय. चूक ठरलो तर रात्री ११ ला इथे सगळ्यात आधी मीच लिहीन, आणि आनंदाने.

गुडिसनचा पुणेकर

त्याच रात्री आयपीएलचा फायनल आहे, चेन्नई खेळतेय, म्हणजे टीव्ही घरच्यांचा. मी मोबाइल चार्ज करून आतल्या खोलीत बसणार. एकच विनंती, लेस्टरचा स्कोअर कोणी इथे टाकू नका. आपल्या मॅचची शेवटची शिट्टी होईपर्यंत तरी नको.