मदत हवी आहे : जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं, वरखाली सरकतंय
सांगलीकर मंडळी, २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे. नव्या सेट टॉप बॉक्सला फक्त एचडीएमआय, म्हणून मध्ये एव्ही कन्व्हर्टर (एचडीएमआयचं चित्र जुन्या टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला देणारी डबी). आवाज स्वच्छ, पण चित्र बिनरंगी आणि सतत वर सरकतं. त्याच पिवळ्या सॉकेटला डीव्हीडी प्लेअर लावला की रंग एकदम नीट, म्हणजे टीव्ही आणि वायर दोन्ही ठीक. कन्व्हर्टरला ५ व्होल्टचं वेगळं अडॅप्टर आहे. त्याच्या बाजूचं बारीक बटण पालवर (PAL, आपल्याकडच्या टीव्हीची ५० हर्ट्झची चित्रपद्धत) आहे, तरी आउटपुट एनटीएससीच (NTSC, अमेरिकेतली ६० हर्ट्झची पद्धत) येत असावं. ६० हर्ट्झचं चित्र फक्त पाल घेणाऱ्या टीव्हीवर असंच सरकतं. बटण आतून जोडलेलंच नसेल का? खरोखर पाल देणारा कन्व्हर्टर सांगली-मिरजेत कुठे तपासून मिळेल? ट्यूब अजून झकास आहे, टीव्ही भंगारात घालायचा नाही.