'सिबिल बसत नाही' हे तुम्ही ऐकलंय का? अनुभव लिहा

गेल्या महिन्यात भावाचं गृहकर्ज अडलं. पगार नियमित, डोक्यावर एक पैशाचं कर्ज नाही. शाखेत एवढंच सांगितलं, "सिबिल बसत नाही," म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण कमी पडतात. त्या नोंदींचा रिपोर्ट काढला तर नऊ वर्षांपूर्वी कापून फेकलेलं क्रेडिट कार्ड तिथे चालूच होतं आणि त्याचं वार्षिक शुल्क व्याजासकट फुगत गेलं होतं. कार्ड कापलं म्हणजे खातं बंद झालं, अशी त्याची समजूत.

आपण सरसकट सिबिल म्हणतो, पण अशा नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, म्हणजे क्रेडिट ब्यूरो, चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याने त्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आहेत. कर्ज द्यायचं की नाही, हे ब्यूरो ठरवत नाही. बँकांनी पाठवलेल्या नोंदी तो सांभाळतो. म्हणूनच चूक निघाली की बँक ब्यूरोकडे बोट दाखवते आणि ब्यूरो बँकेकडे.

तुमचं काय अडलं, कसं सुटलं, किती दिवस लागले, ते लिहा. बँकेचं नाव नको.

*

मी मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिलो. त्याने बुडवलं तरच आपल्यापर्यंत येईल, असं सही करताना वाटलं होतं. त्याने बुडवलं नाही, पण चार हप्ते उशिरा भरले. ते कर्ज माझ्या रिपोर्टमध्ये आहे, उशिराच्या दिवसांसकट. बायकोच्या भावाशी हे कसं बोलायचं? अजून बोललेलो नाही.

*

२०२० मध्ये नोकरी गेली आणि पर्सनल लोन थकलं. वसुलीवाला फोनवर म्हणाला, "एवढे भरा, सेटलमेंट करू, विषय संपला." उसने घेऊन भरले, बँकेचं पत्र मिळालं, सुटल्यासारखं वाटलं. दोन वर्षांनी दुसरीकडे अर्ज केला तेव्हा कळलं की माझ्या नावापुढे 'सेटल्ड' असा शेरा आहे, 'क्लोज्ड' नाही. बँकेला काही रकमेवर पाणी सोडावं लागलं, असा त्याचा अर्थ, आणि पुढची प्रत्येक बँक तो तसाच वाचते. मला फोनवर हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, असं मला आजही ठामपणे वाटतं.

शेवटी बँकेशी पत्रव्यवहार करून सोडून दिलेली रक्कमही भरली, ना-देय प्रमाणपत्र नव्याने घेतलं, मग शेरा बदलला. थकलेल्या महिन्यांपुढचे दिवसांचे आकडे मात्र तसेच राहिले. ते खरे आहेत, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

*

धागाकर्त्या ताई, भावाला लेखी तक्रार करायला सांगा.

माझ्या रिपोर्टमध्ये मी कधीच न घेतलेलं दुचाकीचं कर्ज होतं. नावसाधर्म्य, त्यात कुणीतरी पॅन चुकीचा टाकलेला. शाखेत चार चकरा झाल्या, दर वेळी "होऊन जाईल". मग ब्यूरोच्या साइटवर रीतसर तक्रार नोंदवली, क्रमांक आणि तारीख जपून ठेवली. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. त्यातले पहिले २१ दिवस बँकेला दुरुस्त नोंद पाठवण्यासाठी. दिरंगाई ज्याची, भरपाई त्याने द्यायची.

माझी नोंद ३८ व्या दिवशी निघाली. पाठपुरावा केल्यावर ८०० रुपये खात्यात आले. नाहीच ऐकलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. सप्टेंबर २०२२ पासून ब्यूरोही त्याच्या कक्षेत आहेत.

*

मी काही वर्षं कर्ज विभागात होते. पलीकडची बाजूही लिहिते. गहाण ठेवायला काही नसलेल्या, ओळखपाळख नसलेल्या कितीतरी अर्जदारांना केवळ वेळेवर भरलेल्या हप्त्यांच्या जोरावर कर्ज मिळालेलं मी पाहिलंय. पण एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज केलेला माणूस आम्हाला पैशांच्या ओढीत वाटायचा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. ही भीती काढून टाका.

*

माझ्या रिपोर्टवर आकडाच नव्हता. त्या जागी उणे एक, म्हणजे नोंदच नाही. घरातलं सगळं यांच्या नावावर, त्यामुळे पन्नाशीपर्यंत माझा काही इतिहासच नाही. शिलाईचं यंत्र घ्यायचं होतं, अर्ज परत आला. पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना बजावलंय, हे मला मुलीने शोधून दिलं. तेवढं छापून घेऊन पुन्हा गेले. यंत्र आलं. हप्ता पाच तारखेचा असतो, मी दोन तारखेलाच पैसे ठेवते.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. प्रत्येक ब्यूरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, म्हणून चारही काढले. दोघांकडे ते कार्ड आहे, दोघांकडे नाही. बँकेला आणि त्या दोन्ही ब्यूरोंना लेखी कळवलंय. आज बारावा दिवस.