गाडीत बटणं हवीत की टचस्क्रीन? – अनुभव धागा

नजर रस्त्यावर ठेवून काय करता येतं आणि कुठे अडतं, तेवढंच लिहा. दिसायला काय झकास आहे ते शोरूमवाले सांगतातच.

घाटवाट
ताम्हिणीत पावसात काच आतून धुरकटली की चार कामं: एसी चालू, झोत समोरच्या काचेवर, रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) बंद, पंखा जोरात. तापमान अगदी खाली नेऊ नका. काच गार पडून बाहेरूनही दव धरते, मग वायपर मारा. बटणांवर हे सगळं चाचपडत जमतं. स्क्रीनवर नकाशा बाजूला सारा, क्लायमेटचं पान उघडा, चिन्ह शोधा. ताशी ५० च्या वेगात दोन सेकंद खाली पाहिलं की २८ मीटर गेले.

सोल्डरगन
स्क्रीन दाब नव्हे, बोटाने बदलणारी कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजते. पाण्याचा थेंबही ती बदलतो, म्हणून ओल्या हाताने भलतंच दाबलं जातं.
पण बटणंही अमर नाहीत. पॉवर विंडोच्या स्विचमध्ये पाणी शिरलं की कॉन्टॅक्ट काळे पडतात. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पॅनल प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्विच आठ-दहा वेळा दाबा, वाळू द्या. साधं डब्ल्यूडी-४० नको, त्याच्या तेलकट थराला धूळ चिकटते.

चौथा गिअर
स्विच गेला तर एक काच अडते. स्क्रीन गेली तर? टेस्लाने २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार मॉडेल एस आणि एक्स परत बोलावल्या. ८ जीबीची फ्लॅश मेमरी तिच्यावर डेटा लिहून लिहून झिजायची, आणि स्क्रीनसोबत मागचा कॅमेरा, डिफॉगही (काचेवरची वाफ घालवण्याची सोय) जायचं.

मोजपट्टी
टच सरसकट वाईट नाही. स्वीडनच्या 'व्ही बिलेगारे' मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० च्या वेगात चार कामं करायला लावली. २००५ ची बटणवाली व्होल्वो व्ही७०: १० सेकंद, ३०६ मीटर. एमजी मार्व्हल आर: ४४.९ सेकंद, १३७२ मीटर. पण स्क्रीनवाल्याच डॅसिया सँडेरोला १४ सेकंदही लागले नाहीत. खरा घोळ मेन्यूच्या खोलीत आहे.

घाटवाट
गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणारी संस्था युरो एनसीएपी २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि एसओएस (आपत्कालीन मदतीचा कॉल) यांना स्वतंत्र कंट्रोल नसेल तर पूर्ण गुण देत नाही. या पाचांत डिफॉग नाही! ट्रायलला जाल तेव्हा उभ्या गाडीत डोळे मिटून तेच बटण शोधा. चकचकीत काळे टच-पट्टे बटणांत धरू नका, बोटाला सगळे सारखेच लागतात.