हगवण वाटते ती प्रत्येक वेळी हगवण नसते

गहू-दूध बंद केलं की ऑटिझमच्या (स्वमग्न) पोरांचं पोट सुधारतं, असं एका चर्चेत वाचलं. सरसकट तसं सिद्ध झालेलं नाही. ही पोरं मुळात दोन-चार पदार्थच खातात, त्यातलेही काढले तर उरतं काय? (आमच्या यवतमाळकडे ज्वारीची भाकर आहेच, तिच्यात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं ते चिकट प्रथिन, नसतंच.)

बद्धकोष्ठाबद्दल मात्र त्या चर्चेत कुणी बोललं नाही. माझ्या भाच्याची चड्डी सारखी पातळ शौचाने भरायची. घरचे हगवण समजून नुसता ताक-भात द्यायचे. डॉक्टरांनी पोट चाचपलं, तर आत मळाचा खडा धरलेला आणि बाजूने पातळ झिरपत होतं. पोरगं बोलत नाही, पण बाजेच्या काठावर पोट दाबून पालथं पडायचं, हात चावायचं. ते सगळं ऑटिझमच्या खाती जमा होत होतं! मळ मऊ करणारं औषध डॉक्टरांनी मग बरेच महिने चालू ठेवलं.