मदत हवी आहे : राज्यसंस्थेला आपली संमती असते ती कशी?

सामाजिक करारावर (राज्यसत्ता लोकांच्या संमतीच्या करारातून उभी राहते, या सिद्धांतावर) टिपण लिहिताना एका मुद्द्यावर अडलो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांचे रक्षण हा राज्यसंस्थेचा हेतू सांगणारा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक, राज्याच्या हमरस्त्यावरून नुसता प्रवास करणाराही तिला मूक संमती देतो, असे मानतो. यावर स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये घेतलेला आक्षेप मला तरी बिनतोड वाटतो : झोपेत जहाजावर आणून ठेवलेला माणूस समुद्रात उडी घेत नाही, एवढ्यावरून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली, असे म्हणता येईल काय? मग करार केवळ कल्पित मानला (जर्मन तत्त्वज्ञ कांटने तसे केलेच आहे), तर आज्ञापालनाचे कर्तव्य नेमके कशातून उद्भवते? राज्याच्या उपयुक्ततेतून, हे ह्यूमचे उत्तर अपुरे वाटते. त्याहून भक्कम युक्तिवाद माहीत असल्यास कृपया सविस्तर सांगावा.