मदत हवी आहे: राजगड–तोरणा–रायगड एकट्याने झालं, आता पाचाडहून पुढे कुठे?

वाटसरू_एकटा

नमस्कार मंडळी,

राजगड–तोरणा–रायगड एकट्याने पूर्ण झालं. आज गड बघून पाचाडला उतरलो. हातात अजून दोन-तीन दिवस आहेत आणि घरी जायची अजिबात इच्छा नाही. गडावरून समोर लिंगाण्याचा सुळका, त्याला लागून रायलिंगीचं पठार आणि लांब मागे तोरणा दिसला, तेव्हाच ठरवलं की परत घाटावर चालतच चढायचं.

प्रश्न एवढाच: बोराट्याच्या नाळेने (कड्यांमधली धोंड्यांची अरुंद घळ) वर घाटावरच्या मोहरी गावाला जाता येईल का? उतरलेल्यांचे अनुभव खूप सापडले, चढून गेलेल्याचा एकही नाही. खालून वाट सापडते का? मधे पाणी आहे का? जमण्यासारखं नसेल तर जवळपासची दुसरी वाट सांगा.

उद्या पहाटे निघायचंय आणि इथे रेंज येते-जाते, त्यामुळे लवकर सांगा. 'एकट्याने जाऊ नका' एवढंच सांगायचं असेल तर कृपया दुसरा धागा बघा.

घाटवेडा

आधी अभिनंदन! आता प्रश्न. रायगडाकडे उतरलात कुठून? सिंगापूर नाळ, बोचेघोळ की आणखी कुठून? पाठीवर किती वजन आहे? दोर आहे का? यातलं काहीच लिहिलं नाही तर सांगणार काय?

वाटसरू_एकटा

सिंगापूर नाळेने उतरून दापोलीला मुक्काम केला, मग पुढे रायगड. दोर नाही. सॅक नेहमीची, तंबू आणि शिधा धरून.

मीरा_जो

दापोलीला गेलाच होतात तर हर्णे-मुरुड पण करून यायचं ना! हर्ण्याचा मासळीचा लिलाव आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आम्ही दरवर्षी जातो. घरगुती राहण्याची सोय हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घाटवेडा

मीराताई, ती रत्नागिरीतली दापोली. ही सिंगापूर नाळेच्या पायथ्याची, रायगडाच्या मागच्या बाजूची छोटी दापोली.

वाटसरू, बोराट्याच्या नाळेबद्दल. वाट अशी: पाने गाव, वर लिंगाणा माची, मग लिंगाणा आणि रायलिंगी यांच्यातली खिंड. खिंडीपर्यंत मळलेली वाट आहे, चढ अंगावर येतो पण चुकायला होत नाही. खरा प्रश्न खिंडीपासून नाळेत शिरण्याचा. तिथे कड्याला लागून आडवं जावं लागतं. पाऊल मावेल एवढीच जागा, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. गट जातात तेव्हा तिथे दोर लावतात, तो उगाच नाही. सॅक मोठी असेल तर ती कातळाला घासते आणि माणसाला बाहेर ढकलते. त्यानंतर नाळ, म्हणजे नुसती धोंड्यांची रास, त्यातले बरेच हलणारे. चढताना दगड निसटला तर निदान खाली आपलं कुणी नसतं, तेवढाच एकट्याचा फायदा.

पाणी माचीवर भरून घ्यायचं. त्यानंतर मोहरीपर्यंत भरवसा ठेवू नका.

कातळकोकण

मी ती नाळ चढून गेलोय, त्यामुळे 'एकही नाही' हे खरं नाही. आडवी चाल लोक फुगवून सांगतात. सॅक काढून हातात घ्यायची, कातळाकडे तोंड करायचं, पार. उतरण्यापेक्षा चढणं कधीही सोपं, कारण पाय कुठे ठेवतोय ते डोळ्यांसमोर असतं. बिनधास्त जा. वर रायलिंगीच्या टोकावर बसून लिंगाणा बघितलात की सगळा शीण उतरतो.

घाटवेडा

कातळकोकण, सोबत किती जण होते?

कातळकोकण

आम्ही सहा जण होतो. पण दोर काढला नव्हता.

घाटवेडा

सहा जण म्हणजे सॅक घ्यायला पलीकडे हात असतो. एकट्याने सॅक हातात धरली तर आधाराला उरतो एकच हात. हा फरक मोठा आहे. एकट्याने फिरण्याला माझा विरोध नाही, मी स्वतः फिरतो. पण ज्या जागी पाय घसरला तर दुसरी संधी नाही, ती जागा दोर आणि जोडीदार नसताना टाळायची, हा माझा नियम आहे आणि मी तो पाळतो.

राजगडवारी

घाटवेडा यांच्याशी शंभर टक्के सहमत. शिवाय लिंगाण्याच्या परिसरात आग्या मोहोळं आहेत. अत्तर, सुगंधी तेल, धूर काही नको. एकट्या माणसावर माश्या उठल्या तर पळायला जागा नाही.

पाचाडलाच असाल तर जिजाऊंच्या समाधीपाशी जरूर थांबा. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि माँसाहेब गेल्या १७ जूनला, अवघ्या ११ दिवसांनी. गड बघून आलेले बरेच जण गाडीतून तसेच पुढे निघून जातात, त्याचं फार वाईट वाटतं.

वाटसरू_एकटा

समाधीपाशी जाऊन आलो, संध्याकाळी बराच वेळ बसलो. धन्यवाद. वाटेबद्दल बोला कृपया.

पायवाट

माझं ऐका, रायगड प्रदक्षिणा करा. गड वरून सगळे बघतात, खालून फार थोडे. रायगडवाडी, टकमक टोकाखालचं जंगल, काळकाई खिंड, हिरकणीवाडी अशी साधारण १४-१५ किलोमीटरची फेरी होते. टकमकाचा कडा खालून मान मोडेपर्यंत वर बघावा लागतो. काळकाई खिंडीत एका बाजूला गड आणि दुसऱ्या बाजूला पोटल्याचा डोंगर. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी याच पोटल्यावरून तोफा डागल्या आणि रायगड पडला. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि खिंडीत उभं राहून ते अंतर डोळ्यांनी मोजणं वेगळं. सॅक पाचाडला ठेवायची आणि रिकाम्या पाठीने फिरायचं. मोठ्या ट्रेकनंतर यापेक्षा चांगला दिवस नाही.

सुनीता_ठाणे

इथे रायगडची माहिती असलेले बरेच जण दिसतात म्हणून विचारते. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, त्यांना रोपवेने न्यायचं आहे. वर गेल्यावर जगदीश्वराच्या देवळापर्यंत किती चालावं लागतं? पायऱ्या आहेत का?

डॉ_निनाद

वाटसरू, एक विचारतो. गुडघे कसे आहेत? तंबू आणि शिधा घेऊन तोरणा उतरायचा, मग सिंगापूर नाळ उतरायची, मग गडाच्या दीड हजाराच्या आसपास पायऱ्या, हे सगळं लागोपाठ झालंय. उतरताना वाटीच्या पुढे दुखतंय की आतल्या बाजूला? सूज आहे का? लिहून कळवा.

वाटसरू_एकटा

उजव्या गुडघ्यात पुढच्या बाजूला दुखतं, फक्त उतरताना. सूज नाही. चढताना काही त्रास नाही, म्हणूनच चढायची वाट विचारतोय.

डॉ_निनाद

हे आधी कळायला हवं होतं. सूज नाही आणि चढताना दुखत नाही, म्हणजे चालू शकता, पण आता मोठी उतरण नको. मग पायवाट यांची प्रदक्षिणा चालेल, घाट चढणंही चालेल. नाळेत धोंड्यांवरून उड्या मारत जाणं मात्र नको, दुखऱ्या गुडघ्याचा तोल ऐन वेळी जातो. रात्री पाय उंचावर ठेवून झोपा. वेदनाशामक गोळी घेऊन चालू नका, दुखणं कळलं पाहिजे.

कातळकोकण

तोल जाण्याचा मुद्दा मान्य. तरी नाळेला उगाच बदनाम करू नका एवढंच म्हणतो.

तात्या_महाड

मी महाडचा. पोराला एक साधा प्रश्न कुणी विचारलाच नाही. गाडी कुठे ठेवली आहेस रे बाबा? पुण्याला जायचंय की मुंबईला?

वाटसरू_एकटा

बाईक गुंजवण्यात, राजगडाच्या पायथ्याशी. तिथूनच तर सुरुवात केली. घर पुण्यात.

तात्या_महाड

मग मढे घाट! त्यात विचार करायचं कारणच नाही. पाचाडहून महाडला ये, महाडहून बिरवाडीकडे, तिथून रानवडीच्या बाजूने कर्णवडी गाठ. कर्णवडीहून घाटमाथ्यावरच्या केळदला दोन वाटा चढतात, उपांड्या आणि मढे. दोन्ही वापरातल्या, दोर लागत नाही. केळदहून वेल्हे आणि वेल्ह्याहून मार्गासनी-साखर करत गुंजवणे. तुझी बाईक तुला मिळते आणि घाटही चालत चढून होतो.

आणि ही वाट साधी नाही. तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले, तेव्हा त्यांचा देह याच मढे घाटाने खाली त्यांच्या गावी उमरठला नेला असं आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात. आमचे आजोबा घाट चढताना माथ्यावर पायताण काढून उभे राहायचे. तूही क्षणभर थांब.

राजगडवारी

तात्या, मनापासून नमस्कार. राजगड, रायगड आणि मग मढे घाट, यापेक्षा चांगला क्रम नाही.

समर्थभक्त

बिरवाडीला जाणारच असाल तर शिवथरघळ चुकवू नका. समर्थांनी दासबोध इथे सांगितला अशी श्रद्धा आहे. घळीचा शोध धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० मध्ये लावला. पावसाळ्यात घळीच्या तोंडाशी प्रचंड धबधबा असतो, आता तेवढं पाणी नसेल, पण आत बसलं की बाहेरचं सगळं विसरायला होतं. राहायची आणि जेवायची सोयही आहे.

घाटवेडा

मढे घाटाला माझा पूर्ण पाठिंबा. एकट्याने जाण्यासारखी वाट आहे. फक्त कर्णवडीच्या वर ढोरवाटा फार फुटतात. गावात कुणाला तरी विचारून, शक्य तर पहिल्या टप्प्यापर्यंत सोबत घेऊनच निघा, आणि जो येईल त्याला त्याचा मेहनताना नीट द्या. गुडघा दुखत असेल तर उपांड्याने चढा, नाहीतर मढे. ऊन वर यायच्या आत निम्मा चढ संपवा. पाणी गावातूनच भरून घ्या.

पायवाट

म्हणजे प्रदक्षिणा राहिलीच! दोन-तीन दिवस आहेत ना? उद्या प्रदक्षिणा करा, परवा शिवथरघळीत मुक्काम, तेरवा घाट. गुडघ्यालाही एक सपाटीचा दिवस मिळतो.

डॉ_निनाद

प्रदक्षिणा अगदी सपाट नाही, खिंडीला चढ-उतार आहे. पण सॅक नसेल तर हरकत नाही. दुखणं वाढलं तर हिरकणीवाडीतून परत फिरा, ओढू नका.

वाटसरू_एकटा

ठरलं. उद्या प्रदक्षिणा, सॅक पाचाडला. मग शिवथरघळ आणि कर्णवडीहून केळद. बोराट्याची नाळ दोर आणि जोडीदार घेऊन पुढच्या हिवाळ्यात. घाटवेडा, तेव्हा तुम्ही येणार का?

तात्या, शेवटचं एक. शिवथरघळीतून कर्णवडीला थेट पायी जाता येतं की परत बिरवाडीला यायचं? आणि केळदहून वेल्ह्याला दुपारनंतर काही मिळतं का?

तात्या_महाड

घळीतून निघायच्या आदल्या दिवशी तिथल्याच माणसांना विचार, त्या खोऱ्यातल्या आडवाटा त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. नाही जमलं तर बिरवाडी आहेच. केळदहून एसटीच्या फेऱ्या मोजक्या, तिच्या भरवशावर राहू नको. वर पोचलास की गावात सांगून ठेव, वेल्ह्याकडे जाणारी दुधाची किंवा भाजीची गाडी कुणी ना कुणी थांबवून देतं. महाडला उतरलास की व्यनि कर, जेवायला घरी ये.

घाटवेडा

पुढच्या हिवाळ्यात नक्की. दोर माझा.

सुनीता_ठाणे

सासूबाईंचं कुणी सांगेल का?

राजगडवारी

सुनीताताई, रोपवे वर सोडतो तिथून जगदीश्वरापर्यंत चालावंच लागतं, काही ठिकाणी पायऱ्या आहेत आणि ऊन थेट डोक्यावर येतं. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांना जा, काठी आणि टोपी घ्या, बाजारपेठेत बसत बसत चला. देवळाच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर' कोरलेलं आहे, गड बांधणाऱ्या हिरोजींचं, ते त्यांना आवर्जून दाखवा. सुट्टीचा दिवस मात्र टाळा, रांगेत फार वेळ उभं राहावं लागतं.