मदत हवी आहे: आजीच्या पुस्तकातले '३०० दिवस' आता धरायचे का?

सोलापुरात आजीची पेटी आवरताना सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं जुनं कॅथलिक प्रार्थनेचं पुस्तक सापडलं, पानं पार पिवळी, आणि प्रत्येक छोट्या प्रार्थनेखाली '३०० दिवस' असं छापलंय. मला वाटायचं शुद्धिस्थानातले (मेल्यावर स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो तिथले) तेवढे दिवस कमी होतात, पण हा आकडा म्हणे जुन्या काळच्या प्रायश्चित्ताचं माप होतं आणि १९६७ ला पोप पॉल सहावे यांनी ते दिवसच काढून टाकले, आता फक्त आंशिक किंवा पूर्ण इंडल्जन्स (पापाच्या उरलेल्या शिक्षेत चर्चकडून मिळणारी सूट).
मग ह्याच प्रार्थना म्हटल्या तर आज आंशिक तरी मिळतं का? आणि १ ते ८ नोव्हेंबरला आजीच्या कबरीवर जाऊन तिच्यासाठी पूर्ण मिळवायचं तर कन्फेशन (फादरपुढे पापांची कबुली) रोज करावं लागतं की एकदाच पुरतं? कम्युनियन (चर्चच्या उपासनेत, म्हणजे मिस्सात, पवित्र भाकर घेणं) रोज लागतं एवढं माहितीये. कोणी नीट सांगा ना, फादरना मिस्सानंतर गाठायचं तर गर्दीच फार.